एकाच गाडीच्या दोन पॉलिसी : कोणती ठेवायची, कोणती सोडायची?

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून नवी गाडी घेतली. यंदा विम्याची मुदत संपायच्या आठवडाभर आधी शोरूममधून फोन आला. गेल्या वर्षीही त्यांच्याकडूनच रिन्यू केलं होतं, म्हणून होकार दिला आणि पैसे भरले. ती पॉलिसी महिन्याच्या ८ तारखेपासून सुरू झाली. मुलगा परगावी असतो. आपलं एक काम कमी व्हावं म्हणून त्याने मला न विचारता ऑनलाइन दुसऱ्या कंपनीची पॉलिसी काढली. ती १० तारखेपासून आहे आणि शोरूमपेक्षा बरीच स्वस्त आहे. एका गाडीच्या दोन पॉलिसी झाल्यात हे लक्षात यायलाच दोन महिने गेले. शोरूमवाले म्हणतात, ‘एकदा काढलेली पॉलिसी रद्द होत नाही.’ मुलाने काढलेल्या पॉलिसीच्या कंपनीत फोन केला तर म्हणतात, ‘दुसरी पॉलिसी पाठवा, मग बघू.’ मुलगा म्हणतो, ‘राहू द्या बाबा, काही झालंच तर दोन्हीकडून क्लेम मिळेल.’ त्यातच गेल्या पंधरवड्यात पार्किंगच्या खांबाला लागून मागचा बंपर फुटला. अजून दुरुस्त केलेला नाही, क्लेमही टाकलेला नाही. गाडीवर बँकेचा बोजा आहे. कोणती पॉलिसी रद्द करू? आणि पैसे परत मिळतील का?

उत्तर : नमस्कार. बंपरची गोष्ट तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता सांगितली आहे. मी मात्र उत्तराची सुरुवात तिथूनच करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुम्ही अजून क्लेम टाकलेला नाही हे फार बरं झालं. या उत्तराच्या शेवटापर्यंत पोहोचेस्तोवर तो कुठेही टाकू नका. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवायला नेलीत आणि काउंटरवरच्या मुलाने ‘इन्शुरन्समध्ये करून टाकू का?’ असं विचारलं, तर त्यालाही तूर्त ‘नाही’ म्हणा.

कारण असं. एकाच गाडीवर दोन पॉलिसी झाल्या तर त्यातली एक रद्द करून पैसे परत घेता येतात, ही तरतूद जुनीच आहे. २००२ सालच्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या तेव्हाच्या नियमावलीत, ती स्पष्ट लिहिलेली होती. पण तिला एक अट होती : दोन्ही पॉलिसी चालू असतानाच्या काळात दोन्हींपैकी कोणत्याही एकीवर क्लेम नोंदवला गेला असेल, तर परतावा नाही. म्हणजे शोरूमच्या पॉलिसीवर बंपरचा क्लेम टाकला, तर मुलाने काढलेल्या पॉलिसीचे पैसे परत मागतानाही तो आडवा येऊ शकतो. विमा नियामक इर्डाईने जून २०२४ मध्ये सामान्य विम्यासाठी जे मास्टर सर्क्युलर (एकत्रित परिपत्रक) काढलं त्यातही, एका वर्षापर्यंतच्या पॉलिसीचा उरलेल्या मुदतीचा परतावा देताना त्या काळात क्लेम झालेला नसावा, ही अट आहेच.

आता बंपरचा हिशेब मांडू. बंपर प्लास्टिकचा असतो. झीरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापण्याचं जोडकवच, घेतलेलं नसेल तर प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर कंपनी ५० टक्के घसारा कापते. त्याशिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० रुपये आणि त्यावरच्या इंजिनाला २,००० रुपये आपल्या खिशातून जातात. ही सक्तीची वजावट झीरो डेप असलं तरी सुटत नाही. थोडक्यात, आठ-नऊ हजारांच्या दुरुस्तीत साध्या पॉलिसीतून हातात पडणारी रक्कम फारच तोकडी असते.

पण खरं नुकसान नो क्लेम बोनसमध्ये आहे, आणि ते आज दिसत नाही, पुढच्या वर्षी रिन्यू करताना दिसतं. क्लेम न करता जाणाऱ्या वर्षांना ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी सूट मिळत जाते. तुमची गाडी दोन वर्षांची, आधी क्लेम केलेला नसेल तर यंदा तुम्हाला २५ टक्के मिळालेले असणार. यंदाही क्लेम केला नाही तर पुढच्या रिन्यूला ३५, मग ४५, मग ५० आणि पुढे ५०च. आज बंपरसाठी क्लेम केलात तर पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५, आणि तेव्हा कुठे पुन्हा ५०. दोन्ही रांगा शेजारी ठेवून वजाबाकी करा : ३५, २५, २५, १५ आणि ५. बेरीज १०५ टक्के. मूळ प्रीमियम सगळी वर्षं तेवढाच राहिला असं धरलं, तर एका बंपरच्या क्लेमची किंमत म्हणजे ओन डॅमेजचा अख्ख्या वर्षाचा प्रीमियम, वर थोडा जास्तच. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा प्रीमियमही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल, पण बंपरच्या बिलापेक्षा तो मोठाच असण्याची शक्यता आहे. पॉलिसीत नो क्लेम बोनस वाचवणारं ‘एनसीबी प्रोटेक्शन’ नावाचं जोडकवच घेतलं असेल तर हा हिशेब बदलतो. ते आहे का, हे पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावरच्या ॲड-ऑनच्या यादीत दिसेल.

म्हणून माझं मत : बंपर खिशातून दुरुस्त करून घ्या. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो काढा, बिल जपून ठेवा. पुढे कधी मोठा क्लेम करायची वेळ आली तर नुकसान तपासणारा सर्व्हेयर ‘हे जुनं नुकसान’ म्हणून बोट ठेवतो, तेव्हा ते कागद कामी येतात. क्लेम करायचाच असं तुम्ही ठरवलंत, तर उशीर करू नका. अपघाताची खबर तत्काळ द्यायची अट पॉलिसीत असते आणि पंधरा दिवस आधीच गेलेत. अशा वेळी मात्र परताव्याची आशा सोडून द्यावी लागेल.

आता तुमच्या चिरंजीवांच्या बोलण्याकडे वळतो. त्यांनी हे काम वडिलांच्या काळजीपोटी केलं आणि त्याबद्दल त्यांना बोल लावू नये असं मला मनापासून वाटतं. पण ‘दोन्हीकडून क्लेम मिळेल’ हा त्यांचा समज धोक्याचा आहे, आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. अनेक घरांतून हे वाक्य ऐकू येतं.

गाडीचा विमा झालेलं नुकसान भरून देतो, त्यावर फायदा करून देत नाही. गाडीला चाळीस हजारांचं नुकसान झालं तर तुमचं नुकसान चाळीस हजारांचंच. पॉलिसी दोन असल्या म्हणून ते ऐंशी हजारांचं होत नाही. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीच्या अटींमध्ये एक वाक्य असतं : त्याच जोखमीवर दुसरा विमा असेल तर कंपनी फक्त आपल्या वाट्यापुरतीच रक्कम देईल. म्हणजे दोन्ही कंपन्यांनी मिळून चाळीसच हजार द्यायचे, आणि त्यात कोणी किती हे आपापसांत ठरवायचं. प्रत्यक्षात काय होतं? एक कंपनी म्हणते आधी त्यांच्याकडे जा, दुसरी म्हणते त्यांचं पत्र आणा. गाडी वर्कशॉपमध्ये उभी, कॅशलेस अडकलेलं, आणि तुम्ही दोन सर्व्हेयरच्या मधे. एरवी आठवड्यात सुटणारा क्लेम महिनोन्‌महिने लोंबकळू शकतो. याहून वाईट म्हणजे, दुसरी पॉलिसी लपवून त्याच नुकसानीचे दोन क्लेम करणं ही सरळ फसवणूक ठरते. गाडी चोरीला गेली तरी हेच. दोन पॉलिसींवर दोन आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमती, छापलेल्या असल्या तरी गाडी एकच गेलेली असते.

एक अपवाद आहे, तो माहीत असू द्या. मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच हे नुकसानभरपाईच्या जातीचं नाही. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ठरलेली रक्कम देणारं आहे. पण तेही प्रत्येक पॉलिसीसोबत पुन्हा पुन्हा घ्यायची गरज नाही. १ जानेवारी २०१९ पासून ते स्वतंत्रपणे घेता येतं, आणि तेवढ्या रकमेचं अपघाती विमा कवच तुमच्याकडे आधीच असेल तर गाडीच्या पॉलिसीत त्याचे पैसे वेगळे भरायची सक्ती नाही. मुलाने ते दुसऱ्यांदा घेतलंय का, तेवढं बघा.

आता मूळ प्रश्न : कोणती ठेवायची? तुमच्या प्रकरणात मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. तुम्ही गाडी दोन वर्षांपूर्वी नवी घेतलीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा-नुकसानीचा विमा, एकदमच काढावा लागतो. त्यामुळे गाडी घेताना जी पॉलिसी मिळाली, तिच्यात दोन मुदती असतील : ओन डॅमेजची एक वर्ष आणि थर्ड पार्टीची तीन वर्षं. तो जुना कागद कपाटातून काढा. थर्ड पार्टीची मुदत अजून जवळपास वर्षभर शिल्लक असलेली दिसेल.

म्हणजे यंदा तुम्हाला फक्त ओन डॅमेज घ्यायचा होता. १ सप्टेंबर २०१९ पासून नुसत्या ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी मिळते, ती याचसाठी. शोरूमकडे जुनी पॉलिसी असल्याने त्यांनी बहुधा तेवढाच रिन्यू केला असेल. ऑनलाइन काढताना मात्र अनेकांचा हात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’वर, म्हणजे ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी एकत्र असलेल्या पॉलिसीवर, जातो. नाव भारदस्त, त्यामुळे तेच बरं असं वाटतं. त्यात थर्ड पार्टीचा प्रीमियम पुन्हा भरला जातो. मुलाने काढलेल्या पॉलिसीच्या प्रीमियमच्या तक्त्यात दोन रकाने असतील : एक ओन डॅमेजचा, एक लायबिलिटीचा. लायबिलिटीच्या रकान्यात ‘बेसिक थर्ड पार्टी’समोर रक्कम छापलेली असेल, तर जे कवच तुमच्याकडे आधीच होतं त्याचे पैसे तुम्ही दुसऱ्यांदा भरलेत.

तसं निघालं तर निर्णय सोपा आहे. मुलाने काढलेली पॉलिसी रद्द करा. शिवाय ती दोन दिवसांनी उशिरा सुरू झालेली आहे, आणि दुहेरी विम्याच्या प्रकरणात नंतर सुरू झालेली पॉलिसी रद्द करायची, असाच जुना नियम आहे. दोन्ही बाबी एकाच दिशेने जातात, तेव्हा कंपनीकडेही फारसा वाद राहत नाही.

‘पण ती स्वस्त होती,’ असं चिरंजीव म्हणतील. स्वस्त का होती, हे दोघांनी एकदा बसून बघा. एखाद्या रविवारी फोनवर दोन्ही पॉलिसी समोर ठेवून अर्धा तास दिलात तरी पुरे. पहिली नजर आयडीव्हीवर टाका. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडीत निघाली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. दोन ते तीन वर्षं वयाच्या गाडीला साधारण ३० टक्के घसारा धरून ती ठरते, पण ऑनलाइन ती खाली सरकवता येते आणि सरकवली की प्रीमियम उतरतो. दुसरी नजर ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’वर. तिथे पाच-दहा हजारांचा आकडा असेल तर प्रत्येक क्लेममध्ये सक्तीच्या वजावटीवर तेवढे आणखी तुमच्या खिशातून जाणार. मग झीरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचं जोडकवच) आहे की नाही. आणि तुम्ही जिथे गाडी सर्व्हिसिंगला देता ते वर्कशॉप त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का, हे तर आधी बघा. या वयात क्लेमचे पैसे आधी भरून मग मागे लागत फिरायला लागू नये, एवढं तरी पॉलिसीने करावं.

हे सगळं बघूनही मुलाची पॉलिसीच सरस निघाली, तर शोरूमची रद्द करायलाही आता हरकत नाही. पण मग थर्ड पार्टीचे दुसऱ्यांदा भरलेले पैसे गेलेच म्हणून समजा, आणि गाडी घेतानाच्या पॉलिसीतला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा काही झालं तरी रद्द करायला जाऊ नका.

शोरूमवाल्यांचं ‘रद्द होत नाही’ हे उत्तर विसरून जा. पॉलिसी विकली त्यांनी असेल, पण करार तुमचा आणि विमा कंपनीचा आहे, आणि रद्द करण्याचा अर्ज कंपनीकडेच जातो. २०२४ च्या त्या सर्क्युलरनुसार तुमच्यासारखा वैयक्तिक ग्राहक आपली पॉलिसी केव्हाही रद्द करू शकतो. कारणसुद्धा सांगावं लागत नाही. उलट कंपनीला मात्र ग्राहकाची पॉलिसी फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या कारणावरून आणि किमान सात दिवसांची नोटीस देऊनच रद्द करता येते. ‘पंधरा-तीस दिवसांत परत केली तर पूर्ण पैसे’ असंही कोणी तुम्हाला सांगेल. ती फ्री लूकची सोय आयुर्विम्यासाठी आणि आरोग्य विम्यासाठी आहे, गाडीच्या नेहमीच्या वार्षिक पॉलिसीच्या बाबतीत ती गृहीत धरू नका.

मुलाच्या कंपनीने दुसरी पॉलिसी मागितली, त्यात मात्र गैर काही नाही. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि आणली तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचं सोडा, विमा नसताना एखाद्या पादचाऱ्याला धक्का लागला तर त्याची भरपाई आयुष्यभराच्या बचतीतून द्यावी लागेल. म्हणून गाडीला दुसरीकडे किमान थर्ड पार्टी कवच आहे याची खात्री झाल्यावरच कंपनी पॉलिसी रद्द करते. तुम्हाला ते दाखवायला दोन कागद लागतील : गाडी घेतानाची, तीन वर्षांच्या थर्ड पार्टीची पॉलिसी आणि शोरूमने काढलेली ओन डॅमेजची. नुसती दुसरी पाठवली तर ‘यात थर्ड पार्टी नाही’ म्हणून अर्ज परत येईल.

पैसे किती परत मिळतील? समजा मुलाने ९,००० रुपये भरले आणि ६० दिवस झाले. दिवसांच्या प्रमाणात हिशेब केला तर वापरलेल्या दिवसांचे साधारण १,४८० कापून ७,५२० परत यायला हवेत. जुन्या पद्धतीत ग्राहकाने स्वतःहून पॉलिसी सोडली तर ‘शॉर्ट पीरियड’चा तक्ता लागायचा. महिन्यापर्यंत २० टक्के, दोन महिन्यांपर्यंत ३०, तीनपर्यंत ४० असं वाढत जाऊन आठ महिन्यांनंतर काहीच परत नाही. काही पॉलिसींच्या अटींत तो तक्ता अजून छापलेला सापडतो, आणि त्यावर बोट ठेवून कोणी तुम्हाला ६,३०० देऊ केले तर २०२४ च्या सर्क्युलरचा उल्लेख करून दिवसांच्या प्रमाणातला हिशेब मागा. जीएसटी धरून हिशेब केलाय की वगळून, हेही लेखी विचारा. उशीर मात्र करू नका. या उदाहरणात दर महिन्याला ७५० रुपये नुसते वाहून जातायत.

अर्ज फोनवर करू नका. पॉलिसीवर जो ईमेल नोंदवला आहे त्यावरूनच पाठवा, आणि तो मुलाचा असेल तर त्यांनाच पाठवायला सांगा. पॉलिसी मात्र तुमच्या नावावर असल्याने अर्जावर सही तुमची हवी. मजकूर लांबवायची गरज नाही. असा चालेल :

‘माझ्या गाडीवर, क्रमांक अमुक, आपल्या कंपनीची पॉलिसी क्रमांक अमुक ही १० तारखेपासून सुरू आहे. याच गाडीवर ८ तारखेपासून दुसऱ्या कंपनीची ओन डॅमेज पॉलिसी आणि आधीपासूनच तीन वर्षांची थर्ड पार्टी पॉलिसी चालू आहे. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. अनवधानाने विमा दुहेरी झाल्यामुळे आपली पॉलिसी रद्द करावी. या पॉलिसीवर किंवा दुसऱ्या पॉलिसीवर या काळात कोणताही क्लेम केलेला नाही. उरलेल्या मुदतीचा प्रीमियम दिवसांच्या प्रमाणात खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावा आणि रद्द केल्याच्या तारखेसह एंडोर्समेंट पाठवावं.’

सोबत रद्द केलेला चेक जोडा. क्लेम नसल्याचं वाक्य खरं असलं पाहिजे, म्हणूनच मी बंपरचा निर्णय आधी घ्या म्हणतोय. शेवटचं एंडोर्समेंटचं, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची नोंद असलेल्या कागदाचं, वाक्यही गाळू नका. ‘तुमची विनंती मिळाली’ असा मेसेज म्हणजे पॉलिसी रद्द झाली असं नव्हे. रद्द झाल्याची तारीख छापलेला कागद हातात आला की काम झालं.

नो क्लेम बोनसबद्दल आणखी एक, आणि हे जरा नाजूक आहे. दोन्ही पॉलिसी काढताना तोच २५ टक्के बोनस दोन्हीकडे लावलेला असणार. बोनस गाडीच्या मालकाचा असतो आणि तो एका वेळी एकदाच वापरायचा असतो. तुमचा हेतू वावगा नव्हता, एक पॉलिसी रद्द झाली की प्रश्नही मिटतो, पण दोन्ही तशाच चालू ठेवण्याच्या विरोधात हे आणखी एक कारण आहे. आणि मुलाने घाईत बोनसचा टक्का चुकीचा भरला नाही ना, किंवा शोरूमने भरला नाही ना, तेही तपासा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे बोनसची चौकशी करते, आणि जाहीर केलेला टक्का खोटा निघाला तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. जी पॉलिसी तुम्ही ठेवणार आहात तिच्यात २५ च्या जागी ३५ लिहिलेलं आढळलं, तर आजच कंपनीला कळवून फरक भरा. रक्कम थोडी असते. क्लेमच्या वेळी ती उघडकीला आली तर लाखांवर पाणी पडतं. पुढच्या वर्षी रिन्यू करताना ‘गेल्या वर्षी क्लेम केला होता का?’ या प्रश्नाचं उत्तरही दोन्ही पॉलिसी मिळून द्यायचं. ‘तो दुसऱ्या कंपनीकडे केला होता’ ही सबब चालत नाही.

बँकेचा बोजा आहे म्हणून ठेवलेल्या पॉलिसीवर बँकेचं नाव आलंय का ते बघा. नसेल तर कंपनीला आरसी बुकाची प्रत पाठवून ते घालून घ्या आणि पॉलिसीची एक प्रत बँकेला द्या. तुमच्या बँकेने आधीचीच पॉलिसी रद्द करा असं लेखी सांगितलं असेल, तर मात्र मला पुन्हा लिहा, तिथे हिशेब वेगळा लागतो. रद्द झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची कोणती मुदत दिसते तेही तपासा. रस्त्यावर अडवणारा पोलीस ‘वाहन’ या सरकारी प्रणालीतल्या नोंदी बघतो. तिथे रद्द झालेल्या पॉलिसीचीच नोंद राहिली असेल, तर चालू पॉलिसीच्या कंपनीकडून ती सुधारून घ्यावी लागेल. तोवर तीन वर्षांच्या थर्ड पार्टीच्या पॉलिसीची प्रत फोनमध्ये ठेवा.

कंपनीने टोलवाटोलवी केली तर आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. तिथे काम झालं नाही तर इर्डाईच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते किंवा १५५२५५ या क्रमांकावर फोन करता येतो. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल आहेत. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यात ते निवाडा देऊ शकतात. काही हजारांसाठी लोकपालांकडे काय जायचं, असा संकोच ज्येष्ठ मंडळींना हमखास वाटतो. पैसे तुमचे आहेत, संकोच करू नका. फक्त कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा.

राहता राहिलं पुढचं वर्ष. तेव्हा ओन डॅमेज आणि तीन वर्षांचा थर्ड पार्टी, दोन्हींची मुदत जवळपास एकदमच संपेल. त्या वेळी नुसता ओन डॅमेज घेऊन चालणार नाही, आणि यंदा जे चुकून जास्तीचं ठरलं ते कॉम्प्रिहेन्सिव्हच तेव्हा घ्यावं लागेल. शोरूममधून फोन येईल तेव्हा ‘मुलाशी बोलून कळवतो’ म्हणा, आणि रिन्यू कोण करणार हे तुम्ही आणि चिरंजीवांनी महिनाभर आधीच ठरवा. ओन डॅमेजची मुदत उलटून ९० दिवस गेले तर साठवलेला बोनस जातो, गाडीची तपासणीही करून द्यावी लागते. थर्ड पार्टीला तर एका दिवसाचीही सवलत नाही. दोन्ही मुदतींच्या तारखा आजच दोघांच्या फोनमध्ये टाकून ठेवा, आणि अर्जाला कंपनीचं काय उत्तर आलं ते मला नक्की कळवा.